कुंडलिकने पढवलेला आवाज

मुलुंड पूर्वेला गव्हाणपाड्यात कुंडलिक सरवदेचं घर आहे आणि त्या घराचा एक कायदा आहे. वस्तू हलवायची तर बोलून हलवायची. "स्टूल खिडकीशी नेतेय" असं त्याची बायको मीरा आधी म्हणणार, मगच स्टूल उचलणार. पाहुण्यांनाही यात सूट नाही. मीराच्या भावाने एकदा न सांगता पाण्याचा तांब्या टेबलाच्या या टोकाचा त्या टोकाला ठेवला, तर कुंडलिकने चहा होईस्तोवर त्याला तांब्याचं शास्त्र समजावून सांगितलं. भाऊ बिचारा पुढच्या वेळी आला तो हात मांडीवर ठेवूनच बसला.

कुंडलिकला दिसत नाही. पाचव्या वर्षी गोवर आला. कळंब तालुक्यातल्या त्याच्या गावी डॉक्टर फक्त बाजाराच्या दिवशी यायचा आणि बाजार भरायच्या आत डोळे गेले. हे सगळं तो हवामानाची बातमी द्यावी तसं सांगतो. ऐकणारा चुकचुकायला लागला की विषय बदलतो. पुढे मामाने त्याला मुंबईला अंधशाळेत आणून घातलं, तिथे तो शिकला, आणि एका बँकेच्या फोर्टमधल्या ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर म्हणून चिकटला तो निवृत्त होईपर्यंत. दिसत नाही म्हणून त्याचं अडलं असं फार काही नाही, आणि अडलं तिथे त्याने भांडून घेतलं.

आवाज मात्र असा, की देणाऱ्याने डोळ्यांची भरपाई घशात केली असावी. भरदार, आणि कुठेही न खरखरणारा. बँकेचे खातेदार फोनवर त्याला मॅनेजरच समजत. एक गुजराती शेठ तर मुलाच्या लग्नाचे पेढे घेऊन "सरवदेसाहेबांना" भेटायला आले. साहेब जिन्याखालच्या खोलीत कानाला यंत्र लावून बसलेले दिसले. शेठ थोडे गडबडले, पण पेढे त्यांनी तिथेच दिले. कुंडलिकने ते पुरवून पुरवून खाल्ले, असं मीरा सांगते. तेव्हा साखरेचा आजार नव्हता.

निवृत्तीनंतर माणसं घरात अडचण होऊन बसतात. कुंडलिकचं तसं झालं नाही, कारण त्याच वर्षी विहारात एक जागा रिकामी झाली. वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून अश्विनी पौर्णिमेपर्यंत, त्यांच्या विहारात दर रविवारी संध्याकाळी ग्रंथ वाचला जातो, दरवर्षी तोच, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत. एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. वाचणारे गुरुजी मुलाकडे नाशिकला राहायला गेले. विहाराचे सेक्रेटरी दशरथ खरात यांनी दोन रविवार वाचून पाहिलं, पण दशरथ वाचायला लागले की पुढचं स्टेशन सुटेल अशी त्यांना भीती वाटते की काय कोण जाणे. तिसऱ्या रविवारी कुणीतरी गमतीने म्हणालं, आवाज कुंडलिकदादांचा आणि डोळे दुसऱ्या कुणाचे, असं जमलं तर झकास होईल. सगळे हसले. कुंडलिकही हसला, आणि घरी येऊन त्याने ते मनावर घेतलं.

ब्रेलचा मार्ग बंद झाला होता. साखरेने बोटांची टोकं बोथट केली होती, ठिपके आता नीट लागत नसत. उरला कान. बोरिवलीला विकी परब म्हणून एक आहे, तोही दृष्टिहीन, कुंडलिकपेक्षा तीसेक वर्षांनी लहान. दिवसा फिजिओथेरपीच्या दवाखान्यात लोकांच्या पाठी सरळ करतो आणि उरलेल्या वेळात दृष्टिहीन मित्रांचे कॉम्प्युटर. त्याने कुंडलिकला एक लॅपटॉप तयार करून दिला. त्यात विंडोजच्या जागी चालणारं, फुकट मिळणारं लिनक्स होतं आणि पडद्यावरची अक्षरं मोठ्याने वाचणारा आवाज होता. ग्रंथ कुणीतरी टाइप केलेला होताच. कुंडलिकने डाव्या कानात इअरफोन घातला, यंत्र कानात कुजबुजेल ते अर्धा श्वास मागे राहून आपल्या आवाजात म्हणायला सुरुवात केली, आणि श्रावणाच्या शेवटच्या रविवारी विहारात वाचायला बसला. ऐकणाऱ्याला वाटावं, माणूस पोथी समोर धरून सावकाश वाचतोय. एका कानाने ऐकायचं, तोंडाने मागचं बोलायचं आणि मनाने पुढचं तयार ठेवायचं, हे काम किती अवघड असतं ते करून पाहिल्याशिवाय कळत नाही. बँकेच्या टेलिफोन बोर्डावर तीन-तीन लाइनी एकदम सांभाळलेला माणूस होता म्हणून निभावलं.

यंत्राचा आवाज मात्र दिव्य होता. मीरा त्याला 'नाकातला' म्हणायची. "झाली का शिकवणी नाकातल्याची?" असं ती सकाळी भाकऱ्या थापताना विचारायची, कारण कुंडलिक रोज सकाळी त्याला घेऊन बसायचा. नाकातल्याला एकच च ठाऊक होता. चहातला च आणि चाकातला च त्याला सारखेच. 'इ.स.पू.' आलं की तो 'इसपू' म्हणायचा, जणू कुठल्या तरी पोराचं लाडाचं नाव. पाली शब्दांवर तो अडखळायचा, आणि जिथे वाक्य संपतं तिथे न थांबता पुढच्याच्या अंगावर जायचा. पण त्याला शिकवता यायचं. कुठला शब्द कसा म्हणायचा, कुठे किती थांबायचं, कुठल्या बटणाने एक वाक्य मागे यायचं, हे सगळं आत लिहून ठेवायची सोय होती. कुंडलिकने वर्षानुवर्षं रोज थोडंथोडं करत त्याला पढवला. 'चाक' ऐवजी 'त्साक' लिहून ठेवलं, तेव्हा कुठे चाक मराठी झालं. जाता जाता त्याने एक खोडीही करून ठेवली होती. 'चेअरमन' हा शब्द आला की यंत्राने 'भोपळा' म्हणायचं. सोसायटीची परिपत्रकं ईमेलने येत, आणि "भोपळा यांच्या आदेशावरून टाकी धुतली जाईल" हे ऐकून मीरा पोट धरून हसायची.

असे आठ-नऊ वर्षावास झाले. कुंडलिक सत्तरीला टेकला. आणि यंदा, शेवटच्या रविवारच्या आधीच्या सोमवारी, त्याने स्वतःच्या हाताने घोटाळा केला.

यंत्र स्वतःला अपडेट करत होतं. तसं त्याने सांगितलंही होतं. पण मीराने "चहा घ्या" म्हटलं, आणि पुस्तक मिटावं तसं कुंडलिकने लॅपटॉपचं झाकण मिटलं. ही त्याची रोजची सवय. त्यात बॅटरी संपत आलेली. चहा पिऊन आला, झाकण उघडलं, बटण दाबलं, आणि काहीच नाही. पंख्याची घरघर होती, पण आवाज नव्हता. डोळस माणसाचा कॉम्प्युटर बिघडला तर निदान पडद्यावर काहीतरी दिसतं, शिव्या घालायला जागा मिळते. कुंडलिकच्या समोर नुसती शांतता होती.

त्याने विकीला फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"काकू आहेत ना जवळ?" विकी म्हणाला. "काकू, पडद्यावर काय लिहिलंय?"

मीराने हात पुसले आणि चष्मा लावला. तिची हयात बालवाडीत ए बी सी डी शिकवण्यात गेलेली. अक्षरं तिला सगळी येतात, फक्त ती एकत्र आली की इंग्रजी होतं ही अडचण.

"काळं आहे सगळं. त्यावर पांढरं," ती म्हणाली. "वाचते. के, ई, आर, एन, ई, एल. मग जागा सोडलीय. पी, ए, एन, आय, सी."

"बास, काकू. पॅनिक."

"मी कशाला होऊ? हेच बसलेत कपाळाला हात लावून."

"तुम्ही नाही हो, मशीन. मशीन पॅनिक झालंय." विकी पलीकडे हसत होता. "काका, ऐका. हे काही आता जोडण्यातलं दिसत नाही. लिनक्स नव्याने टाकूया. माझा पेन ड्राइव्ह आहे ना तुमच्याकडे? त्यावरून चालू करायचं, आधी तुमचं सामान बाहेर काढायचं, मग सगळं पुसून नवं टाकायचं, मग सामान परत आत. संध्याकाळच्या आत होईल."

"आणि माझं शिकवलेलं? ते राहील?"

"सामानाबरोबर येतं ते. टेन्शन नका घेऊ."

पेन ड्राइव्हवरून यंत्र चालू करायलाही मीराचे डोळे लागले. कुठलं बटण कधी दाबायचं हे विकी सांगायचा, पडद्यावर काय उमटलं ते मीरा एकेक अक्षर करून सांगायची, आणि बोटं कुंडलिकची. दोनदा फसलं. तिसऱ्यांदा विकी म्हणाला, "आता ऑल्ट, खिडकीचं बटण आणि एस, तिन्ही एकदम," आणि कुंडलिकने दाबताच लॅपटॉपमधून एक परका इंग्रजी आवाज बोलला. काय बोलला ते महत्त्वाचं नाही. कुंडलिकने खुर्चीला पाठ टेकली आणि मीराला म्हणाला, "तू हो बाजूला. आता मी आहे."

मीरा बाजूला झाली. तिलाही मनातून बरं वाटलं असणार, कारण चार वाजता केबलवर तिची मालिका असते.

"आता सोपं आहे, काका," विकी म्हणाला. "तुमच्या नावाचं फोल्डर आहे ना, ते अख्खं उचला आणि बाहेरच्या डिस्कवर टाका. उघडूबिघडू नका. चला, मी ठेवतो, पेशंट आलाय, मान आखडलीय त्याची."

फोन बंद झाला. समोर कुंडलिकच्या नावाचं फोल्डर होतं. ते अख्खं उचलायचं होतं. आणि इथेच गाडी रुळावरून घसरली, कारण कुंडलिकने आयुष्यात कधी बंद पोतं उचललेलं नाही. भाजीवाल्याने पिशवी भरून दिली तरी तो घरी येऊन एकेक वांगं चाचपणार. धोब्याचं गाठोडं सोडून कपडे मोजणार. दिसत नसलेल्या माणसाला जग फसवतं ते अशा बंद पिशव्यांमधूनच, हे तो लहानपणीच शिकला होता, आणि ते खोटंही नाही.

म्हणून त्याने फोल्डर उघडलं. आतल्या एकेका गोष्टीवर जाऊन नाव ऐकलं. ग्रंथ. पत्रं. गाणी. नातवाने पाठवलेल्या आवाजाच्या फायली. बँकेच्या निरोपसमारंभाचं रेकॉर्डिंग. सगळं जागच्या जागी होतं. मग त्याने आतलं सगळं निवडलं, बाहेरच्या डिस्कवर नेलं, आणि तिथे जाऊन पुन्हा एकेक नाव ऐकून जुळवलं. एकही कमी नव्हतं. एवढ्या नेटकेपणाने काम झाल्यावर माणसाला स्वतःचं कौतुक वाटतं, तसं त्याला वाटलं.

मग पुसायची वेळ आली. परका आवाज विचारत होता, डिस्कवरचं सगळं पुसू का. कुंडलिकचं बोट बटणावर थांबलं.

"मीरा," त्याने हाक मारली, "पुसतोय गं."

"पुसा," मालिकेसमोरून मीरा म्हणाली.

संध्याकाळी यंत्र नवंकोरं होऊन बसलं. कुंडलिकने एकट्याने, कुणाचा डोळा न घेता ते केलं होतं, आणि तो भलताच खूश होता. सामान परत आत आणलं. मराठी आवाज चालू केला. नाकातला बोलला, आणि कुंडलिकला जुना मित्र भेटावा तसं वाटलं. नमुन्यादाखल त्याने सोसायटीचं एक परिपत्रक उघडलं.

"चेअरमन यांच्या आदेशावरून," नाकातला म्हणाला.

कुंडलिकने पुन्हा ऐकलं. चेअरमन पुन्हा चेअरमन झाला होता. त्याने घाईने ग्रंथ उघडला. इसपू. चाकातला च चहातला. एक वाक्य दुसऱ्याच्या अंगावर. मागे जायचं बटण दाबलं तर भलतंच काहीतरी झालं. नाकातला होता, पण त्याला काहीएक येत नव्हतं. पहिल्या दिवशी आला होता तसाच तो पुन्हा पाटी कोरी करून आला होता.

विकीने फोन उचलला तो जेवताना.

"काका, फोल्डर अख्खं उचललंत ना?"

"नाही रे, उघडून आतलं घेतलं. एकूण एक. दोनदा तपासलं."

पलीकडे विकी चावायचा थांबला. "वाट लागली, काका."

"का?"

"शिकवलेलं सगळं त्याच फोल्डरमध्ये असतं, पण लपवलेल्या कप्प्यांत. ते उघडून बघितलं तर ऐकू येत नाहीत. डोळसांनाही दिसत नाहीत हो. फोल्डर बंदचं बंद उचललं असतं तर पोटात घेऊन आलं असतं. तुम्ही उघडलंत, म्हणून जे बोललं तेवढंच आलं." मग तो म्हणाला, "माझी चूक. हे सांगायला हवं होतं."

"तू सांगितलं होतंस, उघडू नको म्हणून," कुंडलिक म्हणाला. "सवय माझी."

त्या संध्याकाळी तो जेवायला बसला. मीराला त्याचं बोलणं नसलं की घर मोठं वाटायला लागतं. "अहो, फायली तर आहेत ना सगळ्या?" ती म्हणाली.

"फायली आहेत. पण वाचणारा गेला." आणि मग त्याने सरळच सांगून टाकलं, "मीरा, या रविवारी समारोप आहे. असल्या आवाजावर माझ्याच्याने वाचवणार नाही. आणि एकदा का दशरथने वाचलं, की पुढच्या वर्षी मला कोण विचारतंय. मग मी काय करू रविवारी?"

त्याच्या आयुष्यात दिसण्यावाचून काही अडलं नव्हतं. पण आपण कुणाच्या कामाचे उरलो नाही तर काय, ही भीती त्याला होती, निवृत्तीच्या दिवसापासून होती, आणि ती त्याने आजवर कुणाला बोलून दाखवली नव्हती. मीराने त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

मंगळवारपासून कुंडलिक पुन्हा शिकवायला बसला. सकाळ, दुपार, संध्याकाळ. पण वर्षानुवर्षं थोडंथोडं दिलेलं पाच दिवसांत कसं द्यायचं? काय काय शिकवलं होतं हेच आठवेना. चूक ऐकू आली की दुरुस्त करायची, एवढंच हातात होतं. बटणं बसवायला गेला तर नव्या लिनक्समध्ये त्या बटणांवर आधीच कुणीतरी ठाण मांडलेलं. मीरा कामं उरकून जवळ येऊन बसायची. नाकातला चुकला की कुंडलिकच्या आधी तिच्याच तोंडून "च्च" निघायचं. बालवाडीची सवय. "या पोराला मागच्या वर्गात बसवा," ती म्हणायची, आणि कुंडलिकला हसू यायचं. दिवस वाईट गेले असं म्हणता येणार नाही. पण शनिवारी अर्धा ग्रंथही हातून गेला नव्हता, आणि शेवटचं प्रकरण तर तसंच राहिलं होतं.

दशरथ खरात शनिवारी स्वतः घरी आले. कुणाकडून तरी त्यांना कळलं होतं.

"जय भीम, दादा. ऐकलं मी मशीनचं. उद्या तुम्ही त्रास घेऊ नका. मी वाचतो. तुम्ही पुढे बसा नुसते." माणूस मनाने चांगला. बोलण्यात कुठेही खोच नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं.

"मी वाचणार," कुंडलिक म्हणाला. "चुकलो तर तुम्ही आहातच."

"मग मी पुस्तक घेऊन शेजारी बसतो," दशरथ म्हणाले, आणि चहा पिऊन गेले. गेल्यावर मीरा म्हणाली, कशाला एवढा हट्ट. कुंडलिक म्हणाला, हट्ट नाही, रविवार आहे.

समारोपाला विहार भरलं होतं. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, असं मीराने त्याला कानात सांगितलं. दरवर्षी सांगते. मागे खांबाला टेकून शांताबाई बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, अक्षरशत्रू, पण वर्षावासातला एक रविवार चुकवतील तर शपथ. वंदना झाली. कुंडलिकने इअरफोन घातला. दशरथ पुस्तक उघडून शेजारी बसले, त्यांच्या सदऱ्याच्या इस्त्रीचा वास येत होता.

सुरुवात बरी झाली. यंत्र चुकायचं तिथे कुंडलिक त्याच्या आधीच सावरून घ्यायचा. इसपू आलं, तो 'इसवी सन पूर्व' म्हणाला. चाकं आली, ती मराठीत फिरली. ऐकणाऱ्यांना काही कळलं नाही. पण अर्धा श्वास मागे राहायचं तर पुढच्याने थांबायला हवं, आणि नाकातला थांबेचना. शेवटचं पान जवळ आल्यावर तीन वाक्यं एकात एक घुसली. कुंडलिकचा धागा सुटला. बोट सवयीने जुन्या बटणावर गेलं, एक वाक्य मागे यायला. ते बटण आता त्या कामाचं उरलं नव्हतं. नाकातल्याने एकदम ग्रंथाच्या पहिल्या पानावर उडी मारली आणि कानात प्रस्तावना सुरू केली.

कुंडलिक मध्येच थांबला. "तेव्हा भिक्षूंनी विचारले," एवढं बोलून झालं होतं, आणि पुढे काय विचारलं ते त्याच्याकडे नव्हतं. कानात प्रस्तावना चालू होती. दशरथ पुढे सरकले, पुस्तकाचं पान सरकल्याचा आवाज आला, आणि कुंडलिकला वाटलं, झालं, संपलं आपलं.

तेवढ्यात मागून, खांबापासून, शांताबाईंचा चिरका आवाज आला. "तुमच्यामागे आम्ही कोणाकडे..."

आणि त्या थांबल्या. आठवेना म्हणून थांबल्या असं वाटावं, पण तसं नव्हतं, कारण त्यांच्याबरोबर आणखी दोघीतिघी म्हणायला लागल्या होत्या आणि त्याही तिथेच थांबल्या. सगळ्यांनी एक श्वास घेतला. मग एकदम सगळ्या बाजूंनी आलं, "...पाहून चालायचे?"

पुढचं वाक्य पुरुषांच्या बाजूनेही आलं. घाई नाही, गोंधळ नाही. जिथे कुंडलिक आवाज खाली आणायचा तिथे तो खाली आला, जिथे तो ओढायचा तिथे ओढला गेला. कुंडलिकने कानातला इअरफोन काढून मांडीवर ठेवला. दोन वाक्यं त्याने नुसती ऐकली. आपण कसं वाचतो ते त्याने आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. मग तो त्यांच्यात मिसळला, आणि त्याचा आवाज लागताच बाकीच्यांनी आपले थोडे खाली घेतले, आणि शेवटचं पान तसंच संपलं.

नंतर खिरीच्या वेळी दशरथ त्याच्याजवळ येऊन बसले. मग म्हणाले, "दादा, एक सांगू? त्या 'कोणाकडे'नंतर पुस्तकात काहीच नाही. स्वल्पविराम नाही, काही नाही. मी बोट ठेवून होतो. सगळे थांबले म्हणून मीही थांबलो."

कुंडलिकला आधी काही कळेना. मग लक्षात आलं. टाइप केलेल्या ग्रंथाचं पान तिथे संपत होतं. पान उलटताना यंत्र जरा दम खायचं, आणि पहिल्या वर्षी कुंडलिकला वाटलं होतं की लिहिणाऱ्यालाच तिथे थांबा हवा असणार. तेव्हापासून तो दरवर्षी तिथे थांबत आला होता, तेही चांगलं जाणतेपणाने.

तो हसत सुटला. मग काठी घेऊन, विचारत विचारत खांबापाशी गेला.

"शांताबाई, तुम्ही 'कोणाकडे'पाशी का थांबलात?"

"म्हंजे?" शांताबाई म्हणाल्या. "तू थांबतोस ना तिथं."

"पुस्तकात तिथं थांबा नाहीये."

"पुस्तकाचं मला काय ठावं? मला वाचता येतंय व्हय? मी तुझं ऐकते." त्यांनी त्याच्या हातातली वाटी चाचपून बघितली, रिकामी होती. "पुढल्या वर्सी असा मदीच गप होऊ नको. काळीज लकलक करतंय म्हातारीचं."

कुंडलिकला भरून आलं. सत्तरीच्या माणसाने चारचौघांत रडू नये असं त्याला वाटतं, म्हणून त्याने मान खाली घातली आणि "नाही होणार" एवढंच म्हणाला. शांताबाईंनी मीराला हाक मारून त्याच्या वाटीत खीर घालायला सांगितली. मीरा साखरेवरून काहीतरी बोलायला लागली होती, पण त्याच्या तोंडाकडे बघून तिने अर्धी पळी वाढली.